जिवंत पुरावा

१९६५ साली नागपुरात तापाची साथ आली होती. रुग्णांच्या रक्ताचे नमुने पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरकडे आले. अशा साथीत डेंगी किंवा चिकुनगुन्या निघेल अशी अटकळ बांधली जाई. पण दोन रुग्णांच्या रक्तातून वाढला तो वेगळाच विषाणू. त्याची जगात कुठेच नोंद नव्हती. प्रवीण भट्ट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज यांनी १९६७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि चांदीपुरा या ठिकाणावरून त्याला नाव मिळाले. दोन्ही रुग्णांचे दुखणे साध्या तापाचेच होते. त्यामुळे नवा विषाणू सापडला याचे कौतुक झाले आणि तो कपाटात जपून ठेवला गेला.

२००३ च्या पावसाळ्यात आंध्र प्रदेशात लहान मुलांना ताप येऊ लागला, झटके येऊ लागले आणि कित्येक मुले एक-दोन दिवसांत दगावू लागली. ३२९ मुलांना हा मेंदूज्वर झाला, त्यांतली १८३ गेली. नमुने पुण्याला आले, पेशींवर वाढवले गेले. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे कण दिसले, आणि ओळख पटवायला जुना चांदीपुरा विषाणू व त्याविरुद्धची प्रतिपिंडे हाताशी होती. ३८ वर्षांपूर्वी कुणीतरी साध्या तापाच्या रुग्णाचे रक्त वाया जाऊ दिले नाही, म्हणून हे जमले.

रुग्णाच्या नमुन्यातून विषाणू वेगळा करायचा, प्रयोगशाळेत वाढवायचा आणि जपून ठेवायचा, या कामाचे मोल कशात आहे ते इथे दिसते. आजच्या रुग्णाला त्याचा फायदा क्वचितच होतो. उत्तर येईपर्यंत तो बरा तरी झालेला असतो किंवा हाताबाहेर तरी गेलेला असतो. फायदा होतो तो पुढच्यांना. तपासणीचे किट, लस, औषधाची चाचणी, प्रतिपिंडांचे मोजमाप यांच्या मुळाशी गेले, तर बहुतेक वेळा कुठल्या तरी फ्लास्कमध्ये वाढलेला, कुठल्या तरी रुग्णाकडून आलेला विषाणू सापडतो. पुढची प्रकरणे या कामाची आहेत. त्याचा इतिहास, हातोटी, धोके आणि मर्यादा यांची तोंडओळख करून देणे एवढाच या प्रस्तावनेचा उद्देश आहे.

जिवाणू वाढवणे आपल्या घराघरात चालते. कोमट दुधात चमचाभर विरजण घातले की सकाळपर्यंत दही लागते. जिवाणूला खायला मिळाले की पुरते. विषाणूला असे कोणतेही दूध चालत नाही. त्याला जिवंत पेशी लागते, कारण स्वतःची प्रत काढण्याची यंत्रणा त्याच्यापाशी नसते. ती तो पेशीकडून वापरून घेतो. १८९०च्या दशकात तंबाखूच्या रोगट पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून काढला, तरी तो रोग पसरवतच राहिला. रशियात इव्हानोव्स्की आणि हॉलंडमध्ये बायेरिंक यांना हे दिसले, तिथून विषाणूशास्त्राची सुरुवात झाली. पण माणसाचा विषाणू वाढवायचा कशात, हा प्रश्न पुढे अनेक दशके छळत राहिला.

सुरुवातीची उत्तरे प्राण्यांत शोधली गेली. १९३३ साली लंडनमध्ये विल्सन स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी फ्लूच्या रुग्णांच्या घशातील पाणी फेरेट या प्राण्याच्या नाकात सोडले आणि त्याला फ्लू झाला. पुढे एक आजारी फेरेट विल्सन स्मिथ यांच्या तोंडावर शिंकले आणि ते स्वतः आजारी पडले. त्यांच्या घशातून मिळालेला विषाणू त्यांच्या आद्याक्षरांनी ‘डब्ल्यूएस’ म्हणून प्रयोगशाळांत आजही ओळखला जातो. त्याआधी, १९३१ साली, अमेरिकेत गुडपाश्चर आणि अ‍ॅलिस वुडरफ यांनी कोंबडीच्या फळलेल्या अंड्यात विषाणू वाढवून दाखवला होता. फ्लूच्या लसीचा मोठा भाग आजही अंड्यांतच तयार होतो. कीटकांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंसाठी दूधपिती उंदराची पिल्ले वापरली जात. नमुना मेंदूत टोचायचा आणि पिल्लू सुस्तावते का, पाय ओढते का, हे दिवसातून दोनदा पाहायचे, असे ते काम.

पुण्याची संस्था याच काळातली. १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून ती स्थापन केली. १९७८ साली तिचे नाव राष्ट्रीय विषाणू संस्था झाले, पण विषाणूशास्त्राच्या जगात ती ‘एनआयव्ही’ याच नावाने ओळखली जाते. तिची पहिली मोठी कसोटी १९५७ साली लागली. शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली आणि जंगलात जाणाऱ्या माणसांना तीव्र ताप येऊ लागला. माकडांचे मृत्यू पाहून पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी भीती होती. माकडे, माणसे आणि गोचिडी यांच्यापासून पुण्यात विषाणू वेगळा करण्यात आला, तेव्हा तो पीतज्वराचा नाही, रशियातील गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूचा नातेवाईक आहे, हे कळले. हाच तो क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, आपल्याकडचा माकडताप. २०१५-१६ च्या सुमारास गोव्यातील सत्तरी आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात काजूच्या हंगामात बागेत जाणाऱ्यांना तो होऊ लागला. तेव्हा त्याला नाव शोधत बसावे लागले नाही.

विषाणू वाढवण्याच्या तंत्रात खरा पालट झाला तो १९४९ साली. बॉस्टनमध्ये एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स कांजिण्यांचा विषाणू वाढवण्याच्या खटपटीत होते. मानवी भ्रूणाच्या त्वचा-स्नायूच्या पेशींच्या काही नळ्या उरल्या होत्या आणि फ्रीझरमध्ये पोलिओचा विषाणू होता. पोलिओ फक्त मज्जापेशींत वाढतो, अशी त्या वेळची पक्की समजूत होती. उरलेल्या नळ्यांत पोलिओ घातला आणि तो वाढला. विषाणू वाढवायला जिवंत माकडांवर अवलंबून राहण्याची गरज उरली नाही, लस आवाक्यात आली आणि १९५४ साली या तिघांना नोबेल मिळाले. त्यानंतर विषाणूशास्त्राचे केंद्र प्राणीघरातून पेशींच्या फ्लास्ककडे सरकले.

या पेशींचे कूळ पाहण्यासारखे आहे. व्हेरो पेशी १९६२ साली जपानच्या चिबा विद्यापीठात आफ्रिकेतील हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून आल्या. विषाणू शिरला की इतर पेशी इंटरफेरॉन सोडून शेजाऱ्यांना सावध करतात. व्हेरो पेशींना इंटरफेरॉन बनवता येत नाही, म्हणूनच अनेक विषाणू त्यांच्यात सहज वाढतात. फ्लूसाठी वापरल्या जाणाऱ्या एमडीसीके पेशी कुत्र्याच्या मूत्रपिंडातल्या आहेत, १९५८ च्या. फ्लूचा विषाणू त्यांच्यात नीट वाढावा म्हणून मीडियममध्ये, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात, थोडे ट्रिप्सिन घालावे लागते. डेंगीसाठी जगभर वापरली जाणारी सी६/३६ ही सेल लाइन तर अर्धी पुण्याचीच म्हणायची. १९६७ साली पुण्यात के. आर. पी. सिंग यांनी एडिस डासांच्या अळ्यांपासून पेशी वाढवून त्यांच्या जाती तयार केल्या. त्यांतल्या एडिस अल्बोपिक्टसच्या पेशींमधून १९७८ साली जपानी शास्त्रज्ञ इगाराशी यांनी सी६/३६ निवडून काढली. मनिलापासून ब्राझीलपर्यंत डेंगीचा विषाणू वाढवणाऱ्या प्रयोगशाळांना या पेशींचे मूळ ठाऊक असते. पुणेकरांना मात्र ते क्वचित माहीत असते.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. ते सुरू होते रुग्णाच्या खाटेपाशी. घशाचा किंवा नाकाचा स्वॅब घेताना लाकडी काडी किंवा कॅल्शियम अल्जिनेटचा बोळा चालत नाही, कारण त्यांतील द्रव्ये विषाणूला मारक ठरू शकतात. नायलॉनच्या किंवा पॉलिएस्टरच्या टोकाचा स्वॅब लागतो. तो ज्या द्रवात बुडवून पाठवतात तो व्हीटीएम म्हणजे क्षार, थोडे प्रथिन आणि जिवाणू-बुरशी यांना रोखणारी औषधे. नमुना लवकर घ्यावा लागतो: डेंगीत रक्तातला विषाणू पहिल्या चार-पाच दिवसांतच भरपूर असतो, ताप उतरू लागला की प्रतिपिंडे त्याला निकामी करतात. मग नमुना २ ते ८ अंशांत ठेवायचा आणि दोन-तीन दिवसांत पोहोचवायचा. उशीर होणार असेल तर उणे ७० अंशांखाली गोठवायचा. उणे २० च्या साध्या फ्रीझरमध्ये ठेवलेला नमुना पीसीआरला कदाचित चालेल, पण त्यातले बरेच विषाणू वाढण्याच्या लायकीचे राहत नाहीत.

प्रयोगशाळेत फ्लास्कच्या तळाशी पेशींचा एकपदरी थर तयार असतो. गाळून स्वच्छ केलेला नमुना त्यावर घालतात, तासभर विषाणू चिकटू देतात, नमुना काढून घेतात आणि कमी सीरमचे ताजे मीडियम घालतात. मग माकडाच्या पेशी ३७ अंशांना, डासाच्या पेशी २८ अंशांना ठेवून रोज इन्व्हर्टेड मायक्रोस्कोपखाली पाहायचे. बाजूला नमुना न घातलेला तसाच फ्लास्क असतो. त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय काही बोलायचे नाही. विषाणू वाढत असेल तर पेशी गोल होतात, चकाकतात, तळ सोडून तरंगू लागतात. गोवर किंवा आरएसव्ही असेल तर अनेक पेशी एकमेकींत मिसळून मोठाले गोळे होतात. प्रयोगशाळेच्या बोलीत हे सीपीई. सरावलेला डोळा त्यावरून विषाणूचा अंदाजही बांधतो. पण अंदाज म्हणजे निष्कर्ष नव्हे. प्रतिपिंडे, पीसीआर, जनुकीय क्रमवाचन यांनी ओळख पक्की केली जाते.

आणि काही दिसलेच नाही तर? तर फ्लास्कमधला द्रव पुन्हा नव्या पेशींवर घालायचा. याला ब्लाइंड पॅसेज म्हणतात. दोन-तीन वेळा असे केल्यावर कधी कधी चौथ्या आठवड्यात विषाणू डोके वर काढतो. कधी डेंगीचा विषाणू डासाच्या पेशींत मुकाट वाढत असतो आणि पेशी वरून निरोगीच दिसतात. प्रकाशमान रंग लावलेल्या प्रतिपिंडांनीच तो उघडा पडतो. कधी पेशी मरतात त्या नमुन्यातल्या विषारी द्रव्याने, बुरशीने किंवा मायकोप्लाझ्माने, आणि नवशिक्या माणूस विषाणू मिळाला म्हणून हरखतो. हे वेगळे ओळखणे पुस्तकाने येत नाही, पण पुस्तक निदान शंका घ्यायला शिकवते. पुढच्या प्रकरणांत फसलेल्या कल्चरना, म्हणजे विषाणू वाढवण्याच्या फसलेल्या प्रयत्नांना, मोठी जागा दिली आहे, ती मला योग्य वाटते.

पीसीआर काही तासांत उत्तर देते, मग एवढा खटाटोप कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पीसीआरला दिसते ते विषाणूचे जनुकीय द्रव्य. ते पूर्ण कणाचे आहे की मोडक्या तुकड्यांचे, हे तिला कळत नाही. २०२० साली म्युनिकमधील नऊ कोविड रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांच्या नमुन्यांत आरएनए भरपूर सापडत राहिले, पण लक्षणे सुरू झाल्यापासून आठव्या दिवसानंतरच्या एकाही नमुन्यातून विषाणू वाढवता आला नाही. रुग्णाला किती दिवस वेगळे ठेवायचे, या घराघरात भेडसावणाऱ्या प्रश्नाला आधार मिळाला तो अशा कल्चरमधून. लशीमुळे तयार झालेली प्रतिपिंडे नव्या प्रकाराला रोखतात का, याची भरवशाची परीक्षाही जिवंत विषाणूवरच होते. २०२१ साली एनआयव्हीने ब्रिटनमध्ये पसरलेला कोविडचा प्रकार वाढवून कोव्हॅक्सिन घेतलेल्यांच्या सीरमशी तो भिडवला, तो यासाठीच.

मात्र कल्चरला देव मानण्याचे कारण नाही. काही विषाणू हट्टी असतात. हेपटायटिस सीचा शोध १९८९ साली त्याच्या जनुकांच्या तुकड्यांवरून लागला. तो पेशींत पुरेपूर वाढू लागला २००५ साली. नोरोव्हायरसचे कण १९७२ सालीच इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने दिसले होते, पण तो वाढवायला २०१६ पर्यंत थांबावे लागले आणि त्यासाठी मानवी आतड्यांच्या पेशींचे सूक्ष्म अवयव तयार करावे लागले. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. विषाणू नव्या घरी आला की तो त्या घराशी जुळवून घेतो. कोविडचा विषाणू व्हेरो ई६ पेशींत वारंवार वाढवला तर त्याच्या काट्यावरचा फ्युरिन एन्झाइमने कापला जाणारा भाग गळून जातो, कारण त्या पेशींत त्याची गरज नसते. अंड्यात वाढवलेला फ्लूही बदलतो. म्हणून जाणकार कमीत कमी पॅसेज करतात, मूळ नमुना राखून ठेवतात आणि प्रत्येक पॅसेजचा क्रमांक कुपीवर लिहितात. फ्लास्कमध्ये वाढला तोच विषाणू रुग्णाच्या शरीरात होता, असे दरवेळी गृहीत धरता येत नाही.

धोक्याबद्दल बोलायलाच हवे. रुग्णाच्या नमुन्यात होता त्याहून कितीतरी अधिक विषाणू एका फ्लास्कमध्ये असतो. माकडतापावर काम करताना पुण्यातच अनेक कर्मचाऱ्यांना तो झाला. १९७८ साली बर्मिंगहॅमच्या वैद्यकीय महाविद्यालयातील छायाचित्रकार जॅनेट पार्कर देवीने दगावल्या; त्यांच्या खोलीच्या खालच्या मजल्यावर देवीच्या विषाणूवर काम चालू होते. जगातून देवी हटत असताना तिचा शेवटचा बळी ठरली ती प्रयोगशाळेच्या इमारतीत काम करणारी व्यक्ती. अशा धोक्यांसाठी बायोसेफ्टीच्या चार पायऱ्या ठरल्या आहेत. डेंगीसारख्यांना दुसरी, कोविडच्या कल्चरला तिसरी. निपाह आणि क्रिमियन-काँगोसारख्यांना चौथी, जिथे स्वतंत्र हवा पुरवणारा पोशाख घालून, आतली हवा गाळल्याशिवाय बाहेर न सोडणाऱ्या खोलीत काम चालते. पुण्यात पाषाणला अशी प्रयोगशाळा या शतकाच्या दुसऱ्या दशकात उभी राहिली. २०११ साली गुजरातेत क्रिमियन-काँगो आणि २०१८ साली केरळात निपाह आले, तेव्हा देशाची नजर पुण्याकडेच लागली होती.

आणि या साऱ्याच्या टोकाला माणूस आहे. १९५४ साली बॉस्टनजवळच्या एका शाळेत डेव्हिड एडमन्स्टन या मुलाला गोवर आला. एंडर्स आणि पीबल्स यांनी त्याच्याकडून विषाणू मिळवला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची गोवराची लस त्याच विषाणूच्या एडमन्स्टन-झाग्रेब या वंशजाची आहे. जगभरातल्या कोट्यवधी मुलांच्या दंडात त्या एका मुलाच्या आजाराचा अंश गेला आहे. १९६३ साली मॉरिस हिलमन यांनी स्वतःच्या मुलीच्या, जेरिल लिनच्या, घशातून गालगुंडाचा विषाणू घेतला; त्याची लस तिच्याच नावाने ओळखली जाते. कोव्हॅक्सिनचा एनआयव्ही-२०२०-७७० हा विषाणूही लक्षणे नसलेल्या एका व्यक्तीच्या नमुन्यातून आला. दुसरीकडे, १९५१ साली बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या कर्करोगाच्या पेशी त्यांना न विचारता घेतल्या गेल्या आणि त्या हेला पेशींवर जगभर संशोधन झाले, व्यापारही झाला. नमुना देणाऱ्याला काय सांगायचे, किती विचारायचे, नफा झाला तर त्यात त्याचा वाटा कसला, या प्रश्नांना पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे. तंत्राच्या पुस्तकात ते असावे लागते, हे आता कुणाला पटवून द्यावे लागू नये.

हे पुस्तक वैद्यकीय विद्यार्थी आणि लॅब टेक्निशियन यांच्यासाठी आहेच. ‘विषाणू सापडला’ ही बातमी वाचणाऱ्या प्रत्येकासाठीही आहे. बातमी आली की वाचकाने विचारावे: सापडला म्हणजे काय झाले? पीसीआर पॉझिटिव्ह आली, रक्तात प्रतिपिंडे मिळाली, की विषाणू वाढला? तीन उत्तरांचे वजन तीन प्रकारचे आहे.

क्रमवाचनाचे यंत्र साथ आल्यावरही विकत घेता येते. पेशी वर्षानुवर्षे निरोगी ठेवणारे हात, सीपीई ओळखणारा डोळा आणि जुन्या विषाणूंची नीट लेबल लावलेली कपाटे मात्र साथ नसलेल्या वर्षांतच तयार होतात. अंदाजपत्रकाला कात्री लागते तीही नेमकी तेव्हाच. शिवाय हे काम मोठ्या संस्थांच्या भिंतीआड सुरू होत नाही. ते ग्रामीण रुग्णालयात सुरू होते, जिथे नर्स स्वॅब घेते आणि सोबतचा फॉर्म भरते. त्या फॉर्मवर ताप कधी सुरू झाला ही तारीख कोरी राहिली, की पुढच्या सगळ्या महागड्या यंत्रणेला अंदाजावर चालावे लागते. हे पुस्तक वाचून एखाद्या तालुक्यात ती तारीख न चुकता लिहिली जाऊ लागली आणि नमुना बर्फासकट वेळेत निघू लागला, तर पुढच्या अनोळखी तापाचे नाव काही आठवडे आधी कळेल. लिहिणाऱ्यांच्या श्रमाचे चीज व्हायला तेवढे पुरे आहे.